छापखान्याच्या मागच्या दाराची चढण

थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली होती. तिचं प्रूफ दाखवायला वसईच्या बाजारातल्या छापखान्याचे मालक स्वतः आमच्या घरी आले. आमचं घर वसईच्याच होळी नावाच्या भागात, केळीच्या वाडीत. आबा वाडीत पाणी सोडत होते, आई चुलीपाशी होती, आणि ओटीवर मी एकटीच बसले होते.

मी नेहमी ओटीवरच असायची. लहानपणी मोठा ताप आला आणि तापाबरोबर दोन्ही पायांतला जीव गेला. तेव्हापासून मी हातांवर सरकत चाले. ओटीवरून पडवीत, पडवीतून परसातल्या विहिरीपर्यंत, एवढीच माझी येजा. शाळा लांब होती, म्हणून भावानं शाळा माझ्याकडे आणली. संध्याकाळी तो परत आला की दिवसभर शिकलेलं सगळं मला शिकवायचा. त्याची पुस्तकं मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा वाचली असतील.

मालक माझ्यापासून थोड्या अंतरावर टेकले आणि प्रूफ माझ्याच हातात दिलं. म्हणाले, “बाय, तुझे आबा येईपर्यंत तूच वाच.” ते ख्रिस्ती होते. घरी आपल्या बोलीत बोलायचे, आमच्याशी मात्र पुस्तकासारखं मराठी. मी पत्रिका वाचली आणि विचारलं, “ही अक्षरं कागदावर येतात कशी?”

त्यांनी पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घातला, शिशाचा एक बारीक खिळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला उलटा ‘क’ होता. एवढासा खिळा, पण हाताला त्याचं वजन लागत होतं. मालकांनी सांगितलं, असे शेकडो खिळे लाकडी पेटीच्या खणांत असतात. पेटीला केस म्हणतात आणि त्यातून एकेक उचलून ओळ जुळवणाऱ्याला जुळारी. मी खिळा बोटांत फिरवत राहिले. मग तोंडातून निघून गेलं, “जुळवायला पाय लागतात का?”

“उभं राहून करतात,” ते म्हणाले. “का उभं राहतात, ते मी कधी विचारलं नाही कुणाला.”

तेवढ्यात आबा आले, पत्रिकेचं बोलणं झालं, मालकांनी खिळा परत घेतला आणि ते गेले. पण त्या दिवसापासून मी ओटीवर बसून बोटांनी हवेतले खिळे उचलायला लागले. आईला वाटलं, मुलीला काहीतरी झालं.

भावाचं लग्न झालं, वहिनी घरात आली, पावसाळा गेला. मग देशातली पहिली निवडणूक आली. आमच्या वाडीत तोवर माणसं केळी, पानवेली आणि विहिरीचं पाणी यांपलीकडे फारसं बोलत नसत. आता जो तो उमेदवारांची नावं घेऊ लागला. एका सकाळी मालक पुन्हा आमच्या ओटीवर उभे राहिले. या वेळी हातात प्रूफ नव्हतं.

“पत्रकांचं काम अंगावर आलंय,” ते आबांना म्हणाले. “माझ्याकडे जुळारी एकच आहे. तुमच्या मुलीनं मागं मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर शोधून बघावं म्हणतो.”

आई दारामागून म्हणाली, “बाजारात, पुरुषांमध्ये बसणार का ती? आणि जाणार कशी?”

मालक आईला म्हणाले, “माझी बायको दिवसभर तिथंच असते, वहिनी. कागदांच्या घड्या तीच घालते. ही तिच्याशेजारी बसेल.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “तिलाच विचारा.” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले होते.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी वहिनीनं माझी वेणी घातली आणि आपली निळी साडी मला नेसवली. केळीचे घड भरलेल्या बैलगाडीत, घडांच्या मध्ये मी बसले. बाजार मी त्याआधी एकदोनदाच पाहिला होता, तोही जत्रेला जाताना. आज मी कामाला चालले होते. रस्त्यातली प्रत्येक पाटी मी मोठ्यानं वाचत होते आणि आबा बैलांना हाकता हाकता हसत होते.

छापखाना एका जुन्या घरात होता. घराचं जोतं उंच, आणि पुढं दगडी पायऱ्या. आबांनी मला उचलून घेतलं आणि पायऱ्या चढले. समोरच्या दुकानांतली माणसं वळून बघायला लागली. बावीस वर्षांची मी, नवी वेणी घातलेली, बापाच्या कडेवर. सकाळपासूनचा सगळा आनंद कानांत गरम होऊन बसला. आत गेल्यावर मी आबांना म्हटलं, “उद्यापासून मला कुणी उचलायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी हातांवर पायऱ्या चढले. जमलं, पण वर पोचले तेव्हा वहिनीची साडी मातीनं भरली होती आणि तळहात सोलवटले होते. मालकीणबाईंनी पाणी आणून माझे हात धुतले. मालक दारात उभे राहून बघत होते. त्याच दुपारी त्यांनी पाचूबंदरहून एका सुताराला बोलावलं. हा माणूस एरवी होड्या बांधायचा.

छापखान्याला मागं एक दार होतं. तिथून कागदाची रिमं आत येत. तिथंही पायऱ्याच होत्या, पण अंगण मोठं होतं. सुतारानं आधी मला बसायला एक पाट केला आणि त्याला चार लाकडी चाकं लावली. दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून जमीन मागं रेटली की पाट पुढं जाई. अंगणात मी त्यावर इतक्या फेऱ्या मारल्या, की मालकीणबाई म्हणाल्या, “बाय, कामाला आलीस ना तू?”

मग एका गवंड्यानं पायऱ्यांवर दगडमातीचा भराव घालून चढण केली. ती वाळल्यावर मी जोर लावून निघाले. अर्धी चढले, हात थकले, आणि पाट मला घेऊन उलटा सुटला. मी थेट कागदाच्या कातरणांच्या ढिगात जाऊन पडले. मालकीणबाई ओरडत धावल्या. मला मात्र हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या वेगानं कुठंतरी गेले होते, मागं का असेना.

सुतार कमरेवर हात ठेवून चढणीकडे बघत होता. गवंड्याला म्हणाला, “होडी वर ओढताना बघितली नाय का कधी? अशा उभ्या चढनीवरनं कोन ओढतो? लांबव तिला.”

“लांबवू कुठं? पुढं विहीर आहे.”

“मग वळव. भिंतीच्या कडेनं ने, मधी जरा सपाट जागा ठेव, मग वळव. माणसाला दम खायला जागा नको? आनि पावसाचं पानी वाहून जायला बाजूला पन्हळ ठेव.”

दोघांनी मिळून ती तशी बांधली. पहिली चढण फोडून तिचेच दगड नव्या चढणीला लावले. वरून चुना ओढला. चुना वाळेपर्यंत मी अंगणातच बसून घड्या घालत होते आणि दर थोड्या वेळानं बोट लावून बघत होते. शेवटी सुतारच म्हणाला, “आता जा.” मी निघाले. भिंतीच्या कडेनं सपाट जागेपर्यंत गेले, थांबले, श्वास घेतला, वळले आणि दारातून आत शिरले. मागं कुणी धरलं नव्हतं, पुढं कुणी ओढलं नव्हतं. आत पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनचा खडखडाट चालला होता आणि शाईचा वास येत होता. मी पाट तसाच सरळ केसपर्यंत नेला.

तिथं दुसरी अडचण उभीच होती. केस ठेवायची तिरपी लाकडी घोडी उभ्या माणसाच्या छातीएवढी उंच. पाटावरून मला तिचे पायच तेवढे दिसायचे. सुतारानं करवत काढली.

“घोडीला करवत लावलीस, तर मी आज घरी,” जुळारीकाका म्हणाले.

काका तिथले जुने कामगार. केसमध्ये न बघता त्यांचा हात अक्षरावर जाई. इंग्रजी जुळवायला दोन केस पुरतात. आपल्या मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, म्हणून केसांचा चांगला डोंगर लागतो. समोर, डावीकडे, उजवीकडे, वर. त्या डोंगरातला एक खण हलला, तर काकांचा हात चुकणार. त्यांचं म्हणणं मला पटत होतं. सुतारानं घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि करवत खाली ठेवली.

“घोडी खाली येत नाय, तर पोरगीला वर नेऊ,” तो म्हणाला.

त्यानं केसांच्या समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब, उंच बाक बांधला. पुढच्या कडेला पट्टी ठोकली, म्हणजे मी पडू नये. चढायला एकाला एक लागून दोन खोके. माझ्या हातांत जोर होताच. खोक्यांवरून हातांनी वर गेले आणि बाकावर बसले. माझे डोळे काकांच्या डोळ्यांच्या उंचीला आले. सगळे खण समोर उघडे पडले होते. बाजारात आल्याबरोबर मुलांचं होतं तसं माझं झालं, कुठं बघू आणि कुठं नको.

शिकवताना काका फार बोलत नसत. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी. उजव्या हातानं खिळा उचलायचा, अंगठ्यानं दाबून धरायचा, डोळा पुढच्या अक्षरावर. मी जुळवलेली पहिली ओळ होती, ‘जाहीर सभा’. मालकांनी तिचं प्रूफ काढून माझ्या हातात दिलं. ‘भ’ उलटा पडला होता. तरी तो कागद मी घरी नेला आणि आईला दाखवला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं शाई ओली आहे का ते बघितलं आणि विचारलं, “यातलं तुझं कुठलं?” मी म्हटलं, “सगळं.” रात्री तो कागद तिनं देवापुढं ठेवला.

काम भरभर यायला लागलं. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह. त्यामुळे जो तो पत्रकात ‘चिन्ह’ छापायचा. ‘न्ह’चा खण सगळ्यात वरच्या केसमध्ये, कोपऱ्यात. बसून माझा हात तिथं पोचत नसे. मी दिवसभर म्हणत राहायची, “काका, न्ह द्या.” “काका, क्ष द्या.” “काका, द्य द्या.” काका आपली ओळ अर्धी ठेवून ते अक्षर काढून द्यायचे.

एका सकाळी मी बाकावर चढले, तर माझ्या उजव्या हाताशी, बाकाच्या पट्टीला एक छोटी पेटी ठोकलेली होती. तिच्यात खण पाडलेले, आणि वरची सगळी अक्षरं थोडी थोडी भरलेली.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“माझा हात दुखतो देऊन देऊन,” काका वर न बघता म्हणाले.

त्या दिवशी मी इतकं जुळवलं, की संध्याकाळी बोटं मिटेनात.

प्रचार अगदी रंगात आला तेव्हाची एक सकाळ मला आजही लख्ख आठवते. संध्याकाळी सभा होती आणि सभेचा वक्ता आयत्या वेळी बदलला. छापलेली पत्रकं फुकट गेली. उमेदवाराची माणसं घामाघूम होऊन आली आणि नवा मजकूर मालकांच्या हातात दिला. त्याच वेळी विरुद्ध उमेदवाराची माणसं आपलं पत्रक न्यायला पुढच्या ओटीवर बसली होती. दोन्हीकडच्यांनी एकमेकांकडे पाठ केली. मालकीणबाईंनी दोघांना एकाच तांब्यातलं पाणी दिलं.

मालक आत आले. “दुपारच्या आत निघेल का?”

काकांनी मजकूर मधोमध फाडला, वरचा अर्धा स्वतः ठेवला आणि खालचा माझ्याकडे दिला. एवढंच. मग आम्ही दोघं सुटलो. ते उभे राहून त्या टोकाला, मी बाकावर सरकत या टोकाला. शिसं शिशावर टकटक वाजत होतं. कधी मी त्यांच्या बाजूला सरकायची, तेव्हा ते मागं व्हायचे. कधी ते हात लांबवून माझ्यापुढचा खण घ्यायचे, तेव्हा मी मान वाकवायची. काकांनी आपल्या ओळी तबकात, म्हणजे ओळी मांडायच्या लोखंडी ताटात, उतरवल्या, खाली मी माझ्या उतरवल्या. मधली फट मिटली आणि पत्रक एक झालं.

मालकांनी प्रूफ वाचलं. एक काना सुटला होता, तो काकांच्या अर्ध्यात. काकांनी तो लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “हसू नकोस.” मी तोंडाला पदर लावला होता, तरी त्यांना कळलं.

मशीन धडधडलं. शाई वाळायच्या आत गठ्ठे मागच्या दारानं चढणीवरून घसरत खाली गेले. पूर्वी एकेक गठ्ठा डोक्यावरून पायऱ्या उतरवावा लागे. आबा नेमके मला न्यायला लवकर आले होते. त्यांनी केळीची रिकामी गाडी पुढं केली. पत्रकं वाटायचं काम त्या दिवशी आबांनीच केलं. कुठल्या पक्षाचं आहे हे त्यांनी विचारलंही नाही. प्रत्येक नाक्यावर गाडी थांबवायची, पत्रक द्यायचं आणि सांगायचं, “माझ्या मुलीनं जुळवलंय.” मी गाडीत बसून लाजेनं लाल आणि आनंदानं वेडी झाले होते.

मतदान शाळेत होतं. शाळेलाही पायऱ्या. सुतार आणि काका सकाळीच तिथं गेले. सुतारानं होडीच्या कामातल्या दोन लांब, जाड फळ्या आणल्या आणि तिथल्या साहेबांची परवानगी काढून पायऱ्यांवर शेजारी शेजारी टाकल्या. मी पाटावर बसून पोचले, तर फळ्यांपाशी ही रांग. काठी टेकत आलेले म्हातारे, गुडघे धरून चालणाऱ्या आज्या, पोटुशी सुना, सगळे पायऱ्या सोडून फळ्यांवरून चढत होते. एक आजी मला दटावून म्हणाली, “रांगेत ये गं.” फळ्या माझ्यासाठी टाकल्यात हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही. मी रांगेत राहिले. काका लांबून बघत होते. त्यांचे खांदे हसून हलत होते.

आत गेले. माझ्या बोटाला शाई लागली. छापखान्याच्या शाईनं माझी बोटं आधीच काळी होती, त्यामुळे शाई लावणाऱ्या माणसानं दोनदा निरखून बघितलं. पडद्यामागं पेट्या ओळीनं मांडलेल्या, खाली, माझ्या हाताला सहज येतील अशा. मत कुणाला दिलं ते मी आबांनाही सांगितलं नाही.

निवडणूक संपली आणि छापखाना एकदम शांत झाला. पत्रकं नाहीत, पळापळ नाही. लग्नपत्रिका आणि चर्चच्या सणाची एखादी पुस्तिका, एवढं काम काकांना एकट्याला पुरेल, हे मला दिसत होतं. मी रोज जाताना मनाशी म्हणायची, आज मालक सांगतील, उद्यापासून येऊ नकोस. चढणीवरच्या सपाट जागेवर मी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबायला लागले.

मग एके दिवशी आत गेले, तर सुतार खिडकीशी काहीतरी ठोकत होता. नवी घोडी. बुटकी, पसरट, बसलेल्या माणसाच्या तिन्ही बाजूंनी वळलेली. शेजारी जमिनीवर नव्या केसांचे रिकामे खण आणि न उघडलेली खिळ्यांची पुडकी.

मालक म्हणाले, “तालुक्यातल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका घेतल्यात मी. काकांच्या केसवर दोन माणसांचं काम किती दिवस चालवायचं? ही तुझी केस. यात काय कुठं ठेवायचं ते तू ठरव.”

“काकांसारखंच ठेवू ना?” मी विचारलं.

काका म्हणाले, “माझे हात वेगळे, तुझे वेगळे. उभ्या माणसाची केस आहे माझी.”

सबंध दिवस मी त्या रिकाम्या खणांच्या मध्ये बसून होते. पुडकी फोडली. चकचकीत, कुणाचा हात न लागलेले खिळे मांडीवर घेतले. काना सगळ्यात जास्त लागतो, तो उजव्या हाताखाली. वेलांटी त्याच्या शेजारी. ‘आहे’ रोज शंभरदा लागणार, म्हणून ‘ह’ला आणि मात्रेला जवळजवळ घरं दिली. ‘ढ’ लांब ठेवला, मग दया येऊन थोडा अलीकडे आणला. मालकीणबाई येऊन जेवायला बोलावून गेल्या, मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी भाकरी आणि मासळीचं सुकं तिथंच आणून दिलं. मी शाकाहारी घरातली हे त्यांना आठवलं, तशा परत गेल्या आणि लोणचं घेऊन आल्या.

चार वाजायच्या सुमाराला काका हात पुसत माझ्यापाशी आले. नव्या घोडीपुढं वाकून उभे राहिले. त्यांनी सवयीनं हात पुढं केला आणि तो अधांतरी थांबला.

“‘म’ कुठं ठेवलास?” त्यांनी विचारलं.

मी बोटानं दाखवलं.